हेल्मेटच्या आतलं धुकं

पावसाळ्यात माळशेज घाट चढताना हेल्मेटची काच खाली केली की दोन-चार श्वासांत रस्ता पुसट होतो. बाहेरून कितीही पुसा, उपयोग शून्य. धुकं आतल्या बाजूला असतं. उच्छ्वासाची हवा साधारण ३४ अंश सेल्सिअसची आणि बाष्पाने भरलेली. गार काचेला लागताच त्या बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि प्रकाश विखुरतात.

यावर पिनलॉकसारखी आतली जोडकाच चांगला उपाय. व्हायझरच्या दोन पिनांमध्ये ती ताणून बसते आणि कडेची सिलिकॉनची पट्टी मधे हवेचा पातळ थर कोंडून ठेवते. हवेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून आतला पृष्ठभाग तितका गार पडत नाही. शिवाय ही जोडकाच ओलावा शोषणाऱ्या प्लास्टिकची. दुखणंही तिथेच: हे प्लास्टिक मऊ, चटकन ओरखडे पडणारं. काच पुसायचा अमोनियाचा फवारा, स्पिरिट, टूथपेस्ट (हो, हे सुचवणारेही भेटतात) तिच्या आसपासही नको. कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ कापड. मग सावलीत आपोआप वाळू द्या.

दोन काचांच्या मधेच वाफ दिसली तर पट्टी कुठेतरी नीट टेकलेली नाही, असं समजा. बऱ्याच व्हायझरच्या पिना फिरवता येतात. किंचित फिरवल्या की ताण वाढतो. घरी आल्यावर काच उघडी ठेवा, म्हणजे शोषलेलं पाणी उडून जाईल. गडद जोडकाच असेल तर रात्री ती वापरू नका.