मंद चालीची कसोटी

सकाळी ६
इमारत झोपेत असताना लेथ मशीन लावता येत नाही. पहाटेचा वेळ हातकामाला. आज स्लाइड व्हॉल्व्हचं तोंड घासायचंय. इंजिन वाफेचं, छंद म्हणून केलेलं, छोटं; उभं, एका सिलिंडरचं. बोअर १९ मिलिमीटर, स्ट्रोकही तेवढाच. सध्या वाफेऐवजी दाबाच्या हवेवर चालवतो. ते चालतं, पण हवेचा दाब बराच चढवल्याशिवाय हलत नाही आणि एकदा हललं की सुसाट सुटतं. वेगात फ्लायव्हील सगळे दोष झाकून नेतं. मंद चालीत मात्र गळती, घट्टपणा, खुळखुळ, सगळं उघडं पडतं. म्हणून मी इंजिनाची पारख हळू चालण्यावरूनच करतो.

जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर, वर तेलाचे थेंब. व्हॉल्व्ह बोटांच्या टोकांनी धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. जोर दिला की कडा गोल होतात, म्हणून तो स्वतःच्या वजनावरच सरकू द्यायचा. आधी चमकदार ठिपके उठतात, ते उंचवटे. ते पसरत पसरत सगळं तोंड एकसारखं दिसू लागलं की पुरे.

सकाळी ९
पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कारखान्यांतून बाहेर पडलेली हत्यारं इथे पथारीवर मिळतात. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आहे, पुढे पिंपरी-भोसरी वाढली; या शहरात चांगल्या हत्याराला तोटा नाही. भोक अचूक मापाला आणणारा सहा मिलिमीटरचा रीमर मिळाला. धारेवरून नख फिरवून बघितलं, कुठे अडकलं नाही. घेतला.

सकाळी ११
क्रँकशाफ्टची दोन्ही बेअरिंगं जागेवर बसवून एकाच दमात रीम केली. वेगवेगळी केली असती तर भोकं एका रेषेत आली नसती आणि शाफ्ट फेऱ्यात एकदा अडलाच असता. वाफेचं इंजिन सुधारणाऱ्या वॉटचंही घोडं अचूक सिलिंडरपाशीच अडलं होतं; १७७५ मध्ये विल्किन्सनने तो नीट बोअर करून दिला आणि काम मार्गी लागलं.

दुपारी २
शेजारी विश्रांती घेतात, मीही मशीन बंद ठेवतो. ही वेळ व्हॉल्व्हच्या टायमिंगची. स्टीम चेस्टचं झाकण काढून फ्लायव्हील हाताने फिरवायचं. पिस्टन वरच्या टोकाला असताना पोर्टची जेवढी फट दिसते, तेवढीच खालच्या टोकालाही दिसली पाहिजे. कमीजास्त असेल तर व्हॉल्व्हच्या स्पिंडलचा नट फिरवायचा. फट दोन्हीकडे सारखी पण उशिरा उघडत असेल तर व्हॉल्व्ह हलवणारा एक्सेंट्रिक किंचित पुढे सरकवायचा. भिंग लावून बघतो. दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच.

दुपारी ४
बॉयलर. तांब्याचा पत्रा कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलेला. ठोकून ठोकून तांबं ताठर होतं. लाल तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा नरम. सांधे चांदीच्या झाळणाने भरलेत, साध्या कथलाने नाही, कारण कथील फार कमी उष्णतेला वितळतं. २५ लिटरपेक्षा लहान बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, तेव्हा सरकारी तपासणीही नाही. म्हणूनच ती जबाबदारी सगळी आपली. हवा पूर्ण काढून थंड पाणी भरलं आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट, ८० पौंडांवर नेलं. काटा हलला नाही. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर नुसती चिळकांडी उडते. हवेने चाचणी घेताना सांधा सुटला तर तोच बॉयलर बॉम्बसारखा फुटेल.

संध्याकाळी ७
इंजिन हवेवर लावलं. भाचा कोथरूडच्या भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातून परतला होता.

“मामा, एवढं हळू का?”

“अरे, मोज मोठ्याने.”

तो एकेक फेरा मोजू लागला. क्रँक वरच्या टोकाला अडला नाही, खालीही नाही. सकाळच्या निम्म्या दाबातही चाल तुटली नाही.

हा छंद सुरू करणाऱ्यांना एकच सांगणं: आधी इंजिन करा, हवेवर चालवा, बॉयलरला मग हात घाला, आणि पाण्याची चाचणी झाल्याशिवाय त्याखाली काडी ओढू नका.