पत्त्यांवरचं वर्षफळ: ९० मांडण्या आणि एक लसावि

कुंडली नाही, हात बघणं नाही, टॅरोही नाही. आपल्या घरात मेंढीकोट खेळायला असतो तोच ५२ पानांचा कॅट, आणि त्यावरून एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंतचं वर्ष सांगायचं. अमेरिकेत या पद्धतीची पुस्तकं शंभराहून अधिक वर्षं निघताहेत आणि आता आपल्याकडच्या मुलांच्या मोबाइलवरही ती पोचली आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा प्रकार एकदा उघडून पाहावा असं मला वाटतं. भविष्य कळेल म्हणून नव्हे. एखाद्या दाव्याचं यंत्र सुटं करून कसं बघायचं, याचा इतका स्वस्त सराव दुसरीकडे मिळणार नाही. खर्च काय, तर एक कॅट आणि एक दुपार.

आधी जन्मपत्ता. महिन्याची दुप्पट करा, त्यात तारीख मिळवा, बेरीज ५५ मधून वजा करा. उत्तर १ ते १३ आलं तर बदाम, १४ ते २६ किलवर, २७ ते ३९ चौकट, ४० ते ५२ इस्पिक. १४ जूनचं उदाहरण घेऊ: १२ अधिक १४ म्हणजे २६, ५५ वजा २६ म्हणजे २९. चौकटचा एक्का २७, दुर्री २८, म्हणून २९ ही चौकट तिर्री. १ जानेवारीला ५२ येतात, तो इस्पिकचा राजा. ३१ डिसेंबरला शून्य येतं, म्हणजे जोकर.

इथेच दोन गोष्टी लक्षात यायला हव्यात. सूत्रात जन्माचं साल नाही, वेळ नाही, गाव नाही. आणि तारखांची वाटणी कमालीची असमान आहे. इस्पिकचा राजा वर्षातल्या एकाच तारखेला मिळतो. चौकट तिर्री बारा तारखांना मिळते: २४ जानेवारी, १४ जून, २ डिसेंबर वगैरे. उद्या कोणी सांगितलं की 'इस्पिकचे राजे दुर्मिळ आणि तेजस्वी असतात', तर त्यातला दुर्मिळपणा या वजाबाकीतून आलेला आहे.

आता वर्षाची मांडणी. यात पत्ते पिसायचे नसतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. कॅट क्रमाने लावायचा: बदाम एक्क्यापासून राजापर्यंत, मग किलवर, चौकट, इस्पिक. मग तीन-तीन पानं चार गठ्ठ्यांत वाटायची. चार फेऱ्यांत ४८ पानं संपतात, उरलेली चार एकेक टाकायची. गठ्ठे एकावर एक ठेवून पुन्हा चार गठ्ठे करायचे, या वेळी एकेक पान टाकत. परत एकत्र करायचे. हे झालं एक वळण. मग ती पानं उजवीकडून डावीकडे, सात-सातच्या सात ओळींत मांडायची. उरलेली तीन वर, मुकुटासारखी. दर वर्षाला एक वळण पुढे जायचं. झालेल्या मांडणीत आपला जन्मपत्ता शोधायचा, आणि त्याच्यापुढची सात पानं म्हणजे बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. प्रत्येकाकडे ५२ दिवस. सात बावन्ने ३६४, एक दिवस शिल्लक.

पहिल्या वळणानंतर चौकट तिर्रीपुढे ही पानं येतात: इस्पिक एक्का, बदाम सत्ती, चौकट सत्ती, इस्पिक पंजा, बदाम गुलाम, किलवर नव्वी, इस्पिक नव्वी. १४ जूनच्या माणसाचा मंगळाचा काळ २६ सप्टेंबर ते १६ नोव्हेंबर, आणि त्यावर चौकट सत्ती. चौकट म्हणजे पैसा, मंगळ म्हणजे जोर, भांडण, घाई. पुढचं वाक्य तुम्हीही बनवू शकाल. अर्थ सांगणारा नेमकं हेच करत असतो.

पिसणं नाही म्हणजे नशीब नाही, योगायोग नाही. प्रत्येक वळण हा ५२ वस्तूंचा एक ठरलेला क्रमचय आहे, आणि क्रमचय दिसला की आपण त्याची चक्रं मोजतो. मी मोजली. तीन पानं जागची हलतच नाहीत: बदाम गुलाम, किलवर अठ्ठी, इस्पिक राजा. दोन जोड्या फक्त आपसात जागा बदलतात: किलवर एक्का आणि बदाम दुर्री, तसंच चौकट सत्ती आणि बदाम नव्वी. उरलेली ४५ पानं एकाच लांब साखळीत फिरतात. म्हणजे चक्रांच्या लांबी १, २ आणि ४५. त्यांचा लसावि ९०. नव्वद वळणांनंतर कॅट मूळ क्रमावर येतो. पुस्तकांत हे '९० वर्षांचं जीवनचक्र' म्हणून येतं, आणि कधीही न हलणाऱ्या तीन पानांच्या लोकांना ठाम, न वाकणारे म्हटलं जातं. नव्वद हा आकडा माणसाच्या आयुष्यातून आलेला नाही, तो सातवी-आठवीच्या गणितातला लसावि आहे.

आता जरा थांबून विचार करा, ४५ वळणांनंतर काय होईल? लांब साखळी पूर्ण फिरून जागेवर येते. ४५ विषम, म्हणून जोड्या मात्र उलट्या राहतात. म्हणजे ५२ पैकी फक्त चार जागी वेगळं पान. आपल्या चौकट तिर्रीपुढच्या सातांत एवढाच फरक पडतो की चौकट सत्तीच्या जागी बदाम नव्वी येते. बाकी सहा तीच. कित्येक पत्त्यांच्या बाबतीत सातपैकी एकही पान बदलत नाही. थोडक्यात, २७ व्या वर्षी 'या वर्षी परदेशगमन, नवं नातं, वरिष्ठांशी तेढ' असं निघालं असेल, तर ७२ व्या वर्षीही जवळपास तेच निघणार. सांगणारा अर्थातच तेव्हा नातवंडांबद्दल बोलेल. पानं तीच राहून अर्थ वयानुसार बदलत असेल, तर माहिती पानांत नव्हती, समोर बसलेल्या माणसाच्या वयात होती. या पद्धतीविरुद्ध मला सापडलेला हा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि त्यासाठी एकही प्रयोग करावा लागला नाही.

इतिहासाचंही थोडं. मुळं प्राचीन इजिप्तमध्ये किंवा अटलांटिसमध्ये असल्याचं सांगतात. छापील स्वरूपात ही पद्धत ओल्नी रिचमंड या अमेरिकन माणसाच्या १८९३ सालच्या 'द मिस्टिक टेस्ट बुक'मध्ये दिसते. १९४७ साली फ्लॉरेन्स कॅम्पबेल आणि एडिथ रँडल यांचं पुस्तक आलं, आणि १९९० च्या दशकात रॉबर्ट ली कॅम्पच्या पुस्तकांनी ती घरोघर नेली. पण कागदपत्रांशिवायही कालनिर्णय करता येतो. नेपच्यून सापडला १८४६ मध्ये. जोकर हे पान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत युकर नावाच्या खेळासाठी आलं. नंतरच्या पुस्तकांत प्लूटोचं पानही येतं. प्लूटो १९३० चा. प्रत्येक थर स्वतःचं वय सांगतो, खडकांतल्या जीवाश्मांसारखा. आणि ५२ हा विश्वाचा आकडा म्हणावा, तर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं असतात, त्यांचं काय करायचं?

तरीही लोकांना ते जुळतं. हे मी हसण्यावारी नेत नाही. ओळखीतल्या एका मुलीला पैसे घेऊन सांगण्यात आलं होतं की शनीचे ५२ दिवस सुरू आहेत, प्रबंध सादर करू नकोस. तिची फेलोशिप त्याच ५२ दिवसांत संपत होती. थांबायचं म्हणजे पुढच्या सत्राची फी घरून मागायची, तीही पाच वर्षं घराला पैसे देता न आल्यावर. 'पण गेल्या वर्षीचं सगळं खरं निघालं गं,' हे तिचं म्हणणं होतं. तेव्हा आम्ही मोजायला बसलो. प्रत्येक काळाला एक आडवं आणि एक उभं पान वाचतात, म्हणजे वर्षाला किमान १४ विधानं. प्रत्येक विधान निव्वळ योगायोगाने जुळायची शक्यता अवघी १० टक्के धरली, तरी निदान एक तरी जुळण्याची शक्यता ७७ टक्के निघते. जुळलेलं लक्षात राहतं, बाकीची तेरा विरून जातात. तिने प्रबंध वेळेत सादर केला. गणितामुळे की फीमुळे, ते मी विचारलं नाही.

जुळण्याच्या भावनेचा प्रयोग जुना आहे. बर्ट्राम फोररने ३९ विद्यार्थ्यांना 'खास तुमचं' म्हणून एकच मजकूर दिला. त्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हा निबंध १९४९ चा. आपल्याकडे जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी कुंडल्यांची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलं यांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवून ५० येतात. २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये तो निबंध आला. प्रयोगाची आखणी शिकायची असेल तर तो नक्की वाचा.

पत्त्यांसाठी अशी चाचणी करायची झाली तर ४० माणसं घ्या. प्रत्येकाला सरलेल्या वर्षाची दोन वाचनं द्या, एक त्याचं, एक त्याच वयाच्या पण दुसऱ्या जन्मपत्त्याच्या माणसाचं. वय सारखं ठेवणं महत्त्वाचं, कारण वर पाहिलं तसं वयच बरंच काम करून जातं. वाचनातून तारखा आणि पत्त्यांची नावं काढा. वाटणाऱ्यालाही कुठलं कोणाचं ते माहीत नको. किती बरोबर आले तर चकित व्हायचं, हे आधी लिहून ठेवा: निव्वळ अंदाजाने ४० पैकी २६ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के आहे. ३१ डिसेंबरवाल्यांना घेऊ नका. ५२ जागांच्या मांडणीत जोकरला जागाच नाही.

ज्यांना वळणाचा कोड लिहायचा आहे त्यांच्यासाठी: पानं कोणत्या बाजूने मोजायची यात हमखास घोळ होतो. तीन-तीनच्या प्रत्येक संचातला क्रम उलटा धरा, म्हणजे पहिला गठ्ठा बदाम तिर्री, दुर्री, एक्का असा सुरू होईल. एका वळणानंतर पहिलं पान बदाम तिर्री, दुसरं किलवर एक्का, अकरावं बदाम गुलाम आणि शेवटचं इस्पिक राजा आलं, तर कोड बरोबर आहे.