जुन्या गाडीचे ‘डॉलर’ बदलताना

बडोद्यात आपल्या काही घरांत वडिलांच्या, आजोबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर अजून जपलेली आहे. गेल्या उन्हाळ्यात आमची पद्मिनी रोज तापू लागली. रेडिएटरमधले पाणी कमी होई, पण गाडीखाली थेंबही दिसेना. गॅरेजवाल्याने रेडिएटर बदलला, होज बदलले. खर्च झाला, पाणी जातच राहिले. शेवटी मॅनिफोल्डच्या आड ब्लॉकवर गंजाचा तांबूस ओघळ सापडला. ‘डॉलर’ गळत होता, आणि गळलेले पाणी गरम ब्लॉकवरच वाळत होते.

डॉलर म्हणजे इंजिन ब्लॉकच्या भोकात ठोकून बसवलेली पत्र्याची गोल टोपी. पुस्तकी नाव कोअर प्लग. पाणी गोठले तर ब्लॉक फुटू नये म्हणून ती असते, असा समज आहे. खरे कारण वेगळे आहे. ब्लॉक ओतताना आत पाण्याच्या वाटा राहाव्यात म्हणून वाळूचे गाभे ठेवतात. नंतर ती वाळू ज्या भोकांतून काढतात, ती डॉलरने बुजवतात. ब्लॉक जाड बिडाचा आणि डॉलर पातळ पत्र्याचा, म्हणून गंज आधी डॉलरला भोक पाडतो.

काम असे करावे:

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरी सोडवा, रेडिएटर आणि ब्लॉकमधले पाणी काढा. आड येणारे भाग सोडवा.

२. डॉलरच्या एका कडेवर पंच ठेवून हलके ठोका. तो आडवा फिरला की पकडीने बाहेर ओढा. आत पडू देऊ नका. पडलाच तर काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. आतला गाळ तारेने मोकळा करून पाइपच्या पाण्याने धुवा. हे टाळले तर नवा डॉलर घालूनही इंजिन तापेल.

४. भोकाची बैठक बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करा, चरे पाडू नका. व्हर्निअरने माप घेऊन त्याच मापाचा डॉलर आणा. पितळी मिळाला तर उत्तम. तो लोखंडासारखा गंजत नाही.

५. कडेला सीलंटचा पातळ थर लावा. वाटीच्या आत सैलसर बसेल असा सॉकेट ठेवून डॉलर सरळ, समान ठोका. तिरका गेला तर गळणारच. बशीसारखा फुगीर डॉलर असेल, तर फुगवटा बाहेर ठेवून मधोमध ठोकावा, म्हणजे तो पसरून घट्ट बसतो.

६. कूलंट भरा, इंजिन चालवून हवा काढा, गळती तपासा. थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.

एक डॉलर गळला तर बाकीचेही तितक्याच वयाचे असतात, म्हणून सगळे एकदम बदलावेत. दुर्लक्ष केल्यास हेड गॅस्केट जाते, हेड वाकते, आणि किरकोळ किमतीच्या टोपीपायी इंजिन उघडावे लागते.

मूळ दोष मात्र आपल्याच सवयीचा. आम्ही वर्षानुवर्षे नुसते बोअरचे पाणी भरत आलो. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो. आपल्या गाडीच्या कडेलाही एकदा बॅटरी मारून पाहा. तांबूस ओघळ दिसला, तर उन्हाळ्याची वाट पाहू नका.