आयसीची लाही

काऊंटरवर स्टीलचा डबा येतो. झाकण निघतं. आत चिन्नोर तांदूळ आणि तांदळात रुतलेला मोबाईल.

"रोवणी करताना बांधीत पडला जी. दोन दिवस तांदळात ठेवला," डबा आणणारे काका सांगतात. "मधात एकदा चार्जिंगला लावून पाह्यला."

मिस्त्री हसत नाही, रागावतही नाही. बाहेर बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्याच्या बाजारावर आषाढाची झड लागली आहे. दुकानाच्या भिंतीला हात लावला तर बोटं ओली होतात. हा वैनगंगेकाठचा धानाचा मुलूख. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाण्यात पडलेला फोन इथं तांदळातच जाणार. मिस्त्री चिमट्यानं चार्जिंगच्या खाचेतून एक कणी काढून काकांच्या तळहातावर ठेवतो. "ॲपल कंपनीनं २०२४ साली हेच सांगितलं होतं, काका. तांदूळ नको, कण आत जातात."

फोन उघडतो. खाचेभोवती हिरवट पापुद्रा आहे. "कार्बन आला," मिस्त्री म्हणतो. बोर्ड ओला असताना वीज सोडली की तांबं झपाट्यानं गंजतं. बांधीतलं पाणी सुकलं तरी चिखल आणि क्षार मागे राहतात, म्हणून तो आधी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून मऊ ब्रशनं बोर्ड घासतो. वाळवण त्यानंतर.

कोपऱ्यात पत्र्याचं बुटकं कपाट आहे. आत ६० वॅटचा पिवळा बल्ब जळतोय. तापमान आणि दमटपणा दाखवणारे दोन छोटे मीटर आहेत, एक दुकानात, एक कपाटात. दुकानात २७ अंश आणि ८८ टक्के. कपाटात ४४ अंश आणि ३४ टक्के. बल्बनं हवेतलं पाणी कुठं नेलेलं नाही. हवा तापली की जास्त वाफ धरू शकते. होती तेवढी वाफ तिला पुरेनाशी होते आणि ती बोर्डातली ओल ओढू लागते. बोर्ड आत जातो. काका बाजार करायला निघतात.

ते परततात तोवर बोर्ड वाळला आहे. मल्टिमीटर बीप करतं: पॉवर आयसी शॉर्ट. नवी बसवावी लागणार.

"मग मार गरम हवा, बसव. संध्याकाळच्या गाडीनं पोराला बालाघाटला जायचं आहे."

"आयसी ओली आहे."

"नवी आहे नं?"

"नवीच. पण पिशवीतून केव्हाची निघाली कोणास ठाऊक. नागपूरहून सुटीच आणली."

आयसीचं काळं प्लॅस्टिक हवेतली ओल पोटात घेतं. वरून काही दिसत नाही. सोल्डर धरायला तिला २४० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. तेवढ्या झटक्यात आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि कवच आतल्या आत सुटतं, कधी टक् करून तडकतं.

"म्हणजे लाही फुटते," काका म्हणतात.

मिस्त्रीचा हात थांबतो. "बरोब्बर. कारखान्यातले लोक पॉपकॉर्नच म्हणतात त्याला."

मग तो कारखान्याचा नेम सांगतो. आयसी ओल न शिरणाऱ्या पिशवीत येते, सोबत सिलिका जेल आणि ओल लागली की रंग बदलणाऱ्या ठिपक्यांचं कार्ड. ओल सोसण्याच्या तिसऱ्या पायरीतली आयसी असेल, तर पिशवी फोडल्यापासून १६८ तासांत सोल्डर झाली पाहिजे, तीही ३० अंश आणि ६० टक्क्यांच्या आतल्या हवेत. मुदत उलटली तर भाजून पुन्हा वाळवायची. काकांना हा हिशेब परका नाही. "आमचं धान १७ टक्क्यांवर गेलं की खरेदी केंद्र घेत नाही," ते म्हणतात. मग दुकानातल्या मीटरकडे बघतात. ८८.

मिस्त्री छोटी भट्टी उघडतो. आयसी धातूच्या ताटलीत ठेवतो, काटा १२५ अंशांवर आणतो. बोर्ड मात्र यात घालत नाही, परत कपाटात ठेवतो. त्यावरचे प्लॅस्टिकचे कनेक्टर एवढी आच सोसणार नाहीत. शेजारच्या हवाबंद डब्यातलं सिलिका जेल तो हलवून बघतो. निळ्या दाण्यांत बरेच गुलाबी झालेत, म्हणजे ओल पिऊन बसलेत. तेही भट्टीच्या खालच्या कप्प्यात जातात. सुकले की पुन्हा निळे होतील.

एवढ्यात लाईट जाते. पंखा थांबतो, बल्ब विझतो. कपाट निवलं की आतली हवा परत दमट होणार. मिस्त्री अंधारातच बोर्ड काढतो, निळे दाणे उरलेल्या डब्यात टाकतो आणि झाकण गच्च दाबतो.

काका छत्री उचलतात. "मग उद्या येऊ?"

"लाईट रातभर राहिली तर उद्या. नाही तर परवा."

"आणि पोरगा?"

"पोराला तुमचा फोन द्या, काका. आयसी एकच आहे माझ्याकडे."