गरिबास वकील मिळतो, मग नकाशा वाचणारा का मिळू नये?

गरिबाजवळ पैसा नाही एवढ्याच कारणाने त्याची बाजू न्यायासनापुढे मांडली जाऊ नये, हे आमच्या राज्यघटनेस मान्य नाही. १९७६ साली तीत ३९-अ हे कलम घालण्यात आले, १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला, आणि आज तालुक्याच्या न्यायालयातही पात्र पक्षकारास सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. हे तत्त्व ज्यांस मान्य आहे त्यांस आम्ही एकच प्रश्न विचारतो. ज्या खोलीत त्या पक्षकाराचा सारा संसार आहे, तिच्यावरून नगररचनेच्या कागदावर रेघ ओढली जाते, तेव्हा तो कागद त्याच्या बाजूने वाचणारा कोण?

महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखड्याच्या मसुद्यावर मुदतीत हरकत घेण्याचा हक्क लोकांस दिला आहे. हक्क मोठा आहे, यात शंका नाही. परंतु मसुदा म्हणजे रंगांनी आणि सांकेतिक खुणांनी भरलेली भेंडोळी. ज्यास ती वाचता येत नाहीत त्याचा हक्क निरक्षराच्या हाती दिलेल्या खरेदीखतासारखा होय. कागद त्याचा, अर्थ दुसऱ्याचा. २०१५ साली मुंबईच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, हजारो हरकती आल्या, आणि चुका इतक्या निघाल्या की सरकारास त्याची फेरदुरुस्ती करविणे भाग पडले. हा लोकमताचा विजय होय. पण अशा चुका नकाशा वाचणाऱ्यासच दिसतात. ज्या वस्तीत तो नाही, तिच्या वाट्याची चूक मुकाट्याने कायम होण्याचे भय राहते.

वस्तीस न विचारता तिचे हित करावयाची खोड जुनी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने हवा-उजेडासाठी रस्ते रुंद केले हे खरे; परंतु पाडलेल्या घरांतील पुष्कळ गरीब शेजारच्या चाळींत कोंबले गेले आणि रोगाचे एक घर मोडून दुसरे उभे राहिले. १९१४ साली हिंदुस्थानात आलेले प्रोफेसर पॅट्रिक गेडिस यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. चांगला वैद्य हात तोडण्यापूर्वी नाडी पाहतो. तसे आधी वस्ती पायी हिंडून पाहावी, मोडकळीची दोन-चार घरे काढून उजेड आणावा, आळी मात्र मोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. होळकर दरबारासाठी १९१८ साली त्यांनी इंदूरचा जो अहवाल दिला तो याच दृष्टीचा आहे.

त्याच इंदुरात पुढे १९८० नंतरच्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी 'अरण्य' वसाहत आखली. आखणीपूर्वी त्यांच्या संस्थेने शहरातील गरीब वस्त्यांचा अभ्यास केला. लोक ओटा कसा वापरतात, दुकान कोठे मांडतात, पोरे कोठे खेळतात, हे पाहिले. अत्यंत गरिबास आयते घर दिले नाही. जोते आणि शौच-स्नानाची सोय असलेला भूखंड दिला, आणि पैसा जमेल तसे घर वाढविण्याची मुभा ठेविली. धनिकांस मोठे भूखंड चढ्या भावाने विकून गरिबाच्या भूखंडाचा भार हलका केला. हा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, अडाण्यास वास्तुविद्येतले काय कळते? त्यास भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रियांचे उदाहरण पुरे आहे. 'महिला मिलन' या संघटनेतील या बायांनी पूर्ण आकाराचे घराचे नमुने उभारून पाहिले आणि चौदा फूट उंचीची खोली मागितली. कारण तीत माळा घालता येतो आणि तेवढ्याच जागेवर दोन बिछाने अधिक पडतात. ही सूचना टेबलाशी बसून सुचणारी नव्हे. पुण्यास येरवड्यातही याच संघटनेच्या साह्याने कच्ची घरे जुन्या जागीच पक्की बांधली गेली. रहिवाशांनी खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा स्वतः दिला, आणि शेजार मोडला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा विचार आमच्याकडे सर्वांत शेवटी होतो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असे मानले जाते. म्हणजे दीड फूट उंचीच्या जोत्यास अठरा फूट उतार हवा. ही जागा नकाशावर राखली नाही, तर घर उभे राहिल्यावर ती अरुंद बोळात कोठून आणणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४४ व्या कलमाने सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशास परवानगी देण्याची मनाई केली आहे. पण कलम स्वतः वस्तीत येऊन म्हातारीस ओट्यावर चढवीत नाही. त्यासाठी परवानगीपूर्वी कोणीतरी पट्टी घेऊन तिच्या दारी गेले पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक प्रभाग कार्यालयात महानगरपालिकेच्या खर्चाने एक वास्तुविशारद व एक आरेखक नेमावा. मात्र तो मंजुरी देणाऱ्या खात्याच्या ताबेदारीत नसावा आणि बिल्डराचा मिंधा तर मुळीच नसावा. त्याने आराखडा वस्तीत आणून मराठीत वाचून दाखवावा. हरकती लिहून द्याव्यात. पुनर्वसनाच्या संमतिपत्रावर अंगठा उठण्यापूर्वी खोली, जिना, नळ व उतार कोठे आहेत हे जमिनीवर चुन्याने आखून दाखवावे. मुंबई, पुणे, नागपूर येथील वास्तुविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी या कामी उमेदवारी करावी; तीत त्यांचेही शिक्षण होईल.

याला खर्च येईल, हे आम्ही लपवीत नाही. पण कापड फाडण्यापूर्वी गिऱ्हाइकाचे माप घेणारा शिंपी आपला वेळ वाया घालवितो, असे कोणी म्हणत नाही. आणि येथे तर चुकीचे फाडलेले कापड एका पिढीस अंगावर वागवावे लागते. येत्या अंदाजपत्रकात या कामासाठी रक्कम कोण मागतो आणि तीस विरोध कोण करतो, याची नोंद मतदारांनी नावानिशी ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.