ट्रेलर ओढायला जुनी एसयूव्ही घेताय? ओढण्याआधी थांबण्याचं बघा

रावेत : रावेतला लागून असलेल्या किवळ्यातून एक्सप्रेसवे सुरू होतो. जुन्या हायवेने कामशेतवरून आत वळलं की घाट चढून पवना धरणाकडे जाता येतं. तिथे तंबूंचा धंदा चांगला जमलाय. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून झोपण्याची सोय असलेल्या ट्रेलरचीही चर्चा वाढली. जुनी एसयूव्ही घ्यायची आणि मागे ट्रेलर जोडायचा, असा अनेकांचा हिशोब असतो. पहिला प्रश्न एकच, "गाडी ओढेल का?"

खरा प्रश्न वेगळा आहे. घाट उतरताना ती थांबेल का?

उसाची ट्रॉली भरून उतार उतरलेल्या माणसाला हे सांगायला नको. चढाला ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, उताराला ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. एसयूव्हीचंही तसंच होतं.

आधी ट्रेलरचं वजन

ट्रेलर रिकामा ६०० किलोचा धरा. पाण्याची २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो वाढले. घरगुती गॅसचं भरलेलं सिलिंडर साधारण ३० किलो. बॅटरी, गाद्या, भांडी धरली की आकडा ९०० च्या घरात जातो. म्हणून ट्रेलर भरून वजनकाट्यावर न्या. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतोच. आपणही तोच आकडा डोक्यात ठेवावा.

गाडीचं रिकामं वजन आरसीवर असतं. भरलेला ट्रेलर त्यापेक्षा बराच हलका हवा. कंपनीच्या पुस्तकात ओढण्याची मर्यादा दिली असेल तर तीच शेवटची. दिली नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, मेकॅनिकच्या अंदाजावर जाऊ नका.

कोणती गाडी?

वेगळी चॅसी असलेली आणि मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी या कामाला बरी. बोलेरो, स्कॉर्पिओ, टाटा सुमो, पिंपरीत तयार झालेली जुनी सफारी या त्या जातीच्या. एक्सयूव्ही ५०० किंवा २०२१ नंतरची नवी सफारी आरामाला चांगली, पण त्यांना वेगळी चॅसी नाही.

हुक चॅसीला बोल्टने पक्का बसलेला पाहिजे. बंपरला वेल्डिंग करून लावलेला हुक कामाचा नाही. बंद पडलेली गाडी ओढायला कंपनी जी कडी देते, तीही ट्रेलरसाठी नसते.

सौद्याआधी एवढं तपासा

- गाडीखाली वाकून चॅसी बघा. गंज, तडा किंवा नवीन वेल्डिंग दिसलं तर सौदा सोडा.
- मोकळ्या जागेत हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय.
- पाच माणसं बसवून चढावर न्या. टेम्परेचरचा काटा वर चढला तर रेडिएटरचं काम निघणार.
- उताराला ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू नये, पॅडल खाली बसू नये.
- टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर बदलाच.

सामान कुठे ठेवायचं?

बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचलतं. ट्रेलरमध्ये जड सामान मागे ठेवलं तर तसंच होतं. वेग वाढला की ट्रेलर शेपटासारखा हलतो आणि गाडीला सोबत फिरवतो. साधारण दहा टक्के भार हुकवर यावा. ९०० किलोच्या ट्रेलरला ९० किलो. त्यापेक्षा फार जास्त झाला तर गाडीचं तोंड उचलतं, स्टेअरिंग हलकं लागतं. उताराला ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

कागदपत्रं

कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची आरटीओत स्वतंत्र नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर दिसला पाहिजे. ट्रेलर लावणार हे विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या. नाही तर अपघातानंतर भरपाईवरून वाद होतो.

गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की फिटनेस तपासून नोंदणी पुन्हा करावी लागते, तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला. थकलेली ई-चलनंही ऑनलाइन बघून घ्या.

वजनकाट्याची पावती आधी, गाडीचा सौदा नंतर. उलटं केलं तर गाडी हौसेने घेतली जाते आणि घाटात जीव टांगणीला लागतो.