भिंतीत शिरणारं दार

अडीच फुटी पल्ला उघडला की जवळपास पाच चौरस फूट जमीन नुसत्या त्याच्या फिरण्यात जाते. वन-बीएचकेमध्ये तेवढ्या जागेत वॉशिंग मशीन बसतं! म्हणून सुतार या नात्याने बाथरूमसाठी मी भिंतीत सरकणारं दार आवर्जून सुचवतो.

अर्थात आधी भिंत बघायची. चार इंची विटांच्या भिंतीत अशी पोकळी कोरता येत नाही. भिंत भार घेणारी नाही याची इंजिनिअरकडून खात्री झाली, तरच ती उतरवून सांगाड्याचं पार्टिशन उभं करायचं. लांबी दाराच्या दुपटीहून थोडी जास्त लागते. पोकळीतून नळ, वायर काही नेता येत नाही. स्विचबोर्डाची जागा आधीच ठरवा.

वरचा ट्रॅक लेव्हलमध्ये नसेल तर दार आपोआप सरकत राहतं. सांगाड्यावर बोर्ड मारताना स्क्रूचं टोक आत निघालं, तर पल्ल्यावर रोज ओरखडा उठणार. मी प्रत्येक ओळ झाली की आतून हात फिरवून बघतोच.

पल्ला टांगण्याआधी वरच्या-खालच्या कडांनाही पॉलिश हवं, नाहीतर पावसाळ्यात लाकूड तिथूनच ओल धरतं.

शेवटी चौकटीच्या पट्ट्या. निदान एका बाजूच्या पट्टीला गोंद, खिळे अजिबात नकोत. ती स्क्रूनेच बसवा. कधीतरी चाकं बदलावी लागतात, तेव्हा ती पट्टी उघडून पल्ला बाहेर निघतो. नाहीतर कारागीर थेट भिंतीलाच हात घालतो.